आत्याचा डावा हात

नांदेडहून मुदखेडला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत मी एक रिकामी फोटोफ्रेम घेऊन चढले, तेव्हा दारातल्या बायकांनी न सांगता जागा करून दिली. बारा बाय अठराची, तपकिरी लाकडाची, सोनेरी काठाची फ्रेम. वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, पण तिचा आकार कागदातूनही ओळखू येतो. आमच्याकडे त्या मापाची फ्रेम घरात एकाच कारणासाठी येते.

"कोण गेलं गं बाई?" खिडकीपाशी बसलेल्या म्हातारीनं विचारलं.

"कोणी न्हाई. रिकामी हाय."

"मग कोणासाठी नेऊन राहिली?"

"आत्याचा फोटो काढायचाय. हिच्यात बसवून."

"कधी वारली आत्या?"

"जिती हाय! धडधाकट हाय."

म्हातारीनं पाय वर घेतले आणि साडी सावरून फ्रेमपासून वीतभर लांब सरकली. मग मी मुदखेड येईपर्यंत तिला समजावलं. लाकूड म्हणजे लाकूड, काच म्हणजे काच, आणि माणूस मरतो तो आजारानं, म्हातारपणानं, नाहीतर सरकारी दवाखान्यात डॉक्टर जागेवर नसल्यानं. डब्यातली चार माणसं ऐकायला लागली तसा माझा आवाज चढला. मी उतरायला उठले तेव्हा म्हातारी म्हणाली, "तुला लई बोलता येतंय. ऐकता येतंय का?" डबा हसला. मीही हसले. त्या सकाळी मला सगळंच हसण्यासारखं वाटत होतं.

माझ्या पप्पांचा लातूरला छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापून घर चालायचं, आणि कापून उरलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर पत्रकं निघायची. हुंड्याविरुद्ध, भानामतीविरुद्ध, वस्तीत न येणाऱ्या नळाविरुद्ध. मजकूर पप्पांचाच असायचा. मी पहिल्यांदा सलग वाचलेलं वाक्य शाळेच्या पुस्तकातलं नाही. "भानामती करणाऱ्याचा पत्ता कळवा, आम्ही त्याच्या घरी आठ दिवस मुक्कामाला येतो" हे ते वाक्य. संध्याकाळी घरातले सगळे सतरंजीवर बसून घड्या घालायचो. कागदाला तीन घड्या, प्रत्येक घडीवर नख फिरवायचं, कड धारदार झाली पाहिजे. पप्पा म्हणायचे, लोकांची भीती म्हणजे माहितीचा तुटवडा आहे. कागद द्या, भीती जाते. मी हे वाक्य भाकरीसारखं खाऊन वाढले.

आत्या ही पप्पांची धाकटी बहीण. शाळा चौथीत सुटली, पण वाचायला अडायची नाही, कारण लहानपणी पप्पा तिला बाजारात पत्रकं वाटायला न्यायचे आणि वाटण्याआधी मोठ्यानं वाचून घ्यायचे. ती लग्न होऊन मुदखेडला गेली. नवरा लवकर वारला. घरामागच्या तुकड्यात काकड्याची झाडं होती. पहाटे फुलं तोडायची, दिवसभर पत्र्याच्या शेडमध्ये बसून हार करायचे, ते नांदेडच्या बाजाराला जायचे. एकुलती मुलगी धर्माबादला दिलेली. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते. ती मला 'पत्रके' म्हणायची.

"ए पत्रके, भाषण झालं असलं तर दोरा दे इकडं."

सायकल तिनं शिकवली. पहिल्यांदा पाळी आली तेव्हा मी सुट्टीला तिथंच होते, आणि मी पत्रकातून सगळं वाचलेलं असूनही रडत होते. तेव्हा एक शब्द न बोलता रात्रभर पोटावर हात ठेवून ती झोपली. मला सख्खी बहीण नाही. गरजही कधी पडली नव्हती.

नांदेडला मी शिकायला आले ते पत्रकारितेसाठी. अभ्यासक्रमात फोटोग्राफीचा एक पेपर होता. त्यात कॅमेऱ्याच्या भागांची नावं लिहायची होती. कॅमेरा कपाटात कुलूपबंद होता. मला चीड आली. मी विभागाविरुद्ध एक पत्रक काढलं, ते वाटलं, आणि कपाट तरीही उघडलं नाही. मग वजिराबादेतल्या एका जुन्या स्टुडिओत गेले. स्टुडिओचे मालक साठी उलटलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, आणि वारलेल्या माणसांचे मोठे करून दिलेले फोटो, असं त्यांचं काम.

"शिकवता का?" मी विचारलं.

"मी नाही शिकवत. काम देतो. काम शिकवतं."

त्यांनी एक जुना कॅमेरा दिला आणि तीन नियम सांगितले. एका कामाला छत्तीसच फोटो काढायचे. पूर्वी रोलमध्ये तेवढेच असायचे. काढलेला एकही पुसायचा नाही, बिघडलेला तर मुळीच नाही. आणि दर कामातला एक फोटो वहीत चिकटवून शेजारी लिहायचं, काय हवं होतं आणि काय आलं.

पहिलं काम होतं पांढऱ्या बशीतलं मीठ. दाणा न् दाणा वेगळा दिसला पाहिजे. मला ते हास्यास्पद वाटलं. देशात एवढं जळतंय आणि मी मीठ काढत बसू? चाचा म्हणाले, "तुला मीठ दिसंना, देश काय दिसणार?" अकरा दिवस लागले. दुसऱ्या कामाला बसस्टँडवर एका फरशीवर तासभर उभं राहायचं, पाय हलवायचा नाही. पुढे एकदा म्हणाले, ओळखीच्या माणसाचा पाठमोरा फोटो आण, असा की त्याची माय नुसत्या पाठीवरून ओळखेल. मी ताईचा काढला. माहेरी आली होती, पोत्यावर बसून हार ओवत होती, अंगठ्याला दोरा गुंडाळलेला, मान एका बाजूला कललेली. आत्यानं पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "आता 'माय, पाणी दे' म्हणंल बघ ही." ताईनं तो फोटो तिच्या मोबाईलवर स्वतःच्या नावापुढे लावला. स्वतःची पाठ लावणारी ती एकटीच असेल. मला कोणत्याही बक्षिसाचा झाला नसता एवढा त्याचा आनंद झाला.

मग ते काम आलं. चौकटीत चौकट.

"खिडकी नको," चाचा म्हणाले. "दार नको, आरसा नको. समदे तेच आणतात."

मी त्यांच्या दुकानात नजर फिरवली. भिंतीला टेकून रिकाम्या फ्रेमांची चवड होती.

"ह्यातली एक द्या."

"बेटा, ही मयतीची साइज हाय."

"साइजला काय जात असते का चाचा?"

ते हसले, मान हलवली आणि फ्रेम कागदात गुंडाळून दिली. मी काय करणार हे त्यांना सांगितलं नव्हतं. मला स्वतःला मात्र पक्कं माहीत होतं. जिवंत, हसरी, कष्टकरी बाई मरणाच्या चौकटीत बसलेली. एका फोटोत पप्पांची दहा पत्रकं.

मुदखेडला शेडमध्ये आत्यानं फ्रेम बघितली आणि हातातला दोरा खाली ठेवला.

"जित्या माणसाला असल्या फ्रेममंदी बसवत न्हाईत गं."

"कोण म्हणतं?"

"कोण म्हणणार. समदेच म्हणतात."

"आत्या," मी म्हणाले, "तू पप्पांची बहीण ना?"

हे वाक्य मी आता रोज ऐकते. तेव्हा ते माझ्या तोंडून इतक्या सहज निघालं, जणू पाणी मागितलं.  आत्यानं पदर नीट केला आणि म्हणाली, "बसव बाई. कुठं बसू?"

शेडच्या आडव्या बांबूला दोरी बांधून मी फ्रेम टांगली. तिच्या मागं उलट्या टोपल्यावर आत्या. फ्रेममध्ये चेहरा आणि खांदे, फ्रेमच्या खाली मांडी आणि हात. पहिले वीसेक फोटो मेलेलेच आले. चेहरा नुसता बसलेला.

"हस की आत्या. एवढी काय आधारकार्डासारखी बसून राहिलीस?"

त्यावर ती खरंच हसली. उठली, ओवून ठेवलेला काकड्याचा हार घेतला आणि स्वतःच्या हातानं फ्रेमवर चढवला. "अर्धं काम कशाला? घे, पुरं कर. आता म्हण, आमची आत्या लई चांगली होती." आणि पुन्हा मागं बसून अशी हसली की समोरचे दोन दात, डोळ्यांच्या कडेच्या सगळ्या रेघा, सगळं फ्रेममध्ये मावेनासं झालं. तो सत्ताविसावा फोटो होता. बटण दाबतानाच मला कळलं की हाच.

छत्तीसचा नियम होता म्हणून पुढचे नऊही काढले. फ्रेम उतरवली, आत्या पुन्हा हार ओवायला बसली, आणि शेवटचे दोन-तीन मी कसेही, न बघता काढून टाकले.

चाचांनी प्रिंट बराच वेळ धरून ठेवली. मग कानावरची लाल पेन्सिल काढली आणि फ्रेमच्या खाली, मांडीवर असलेल्या आत्याच्या डाव्या हाताभोवती गोल केला.

"हे बघितलं?"

डावा हात मुठीत होता. मुठीत पदराचं टोक होतं. मला वाटलं ते रचनेबद्दल बोलताहेत. नजर चेहऱ्यावरून खाली घसरते, फोटो सांडतो, असं काहीतरी.

"कापते ना. खालचा भाग काढून टाकला की नुसती फ्रेम राहील."

"कापायला नाही सांगितलं. बघायला सांगितलं."

तेवढ्यात पासपोर्ट फोटोसाठी एक कुटुंब आलं. चाचा आत गेले. मी लाल गोलाची प्रिंट वहीत चिकटवली, शेजारी लिहिलं, 'हवं होतं तेच आलं', आणि त्याच दुपारी हात कापून दुसरी प्रिंट काढली.

लातूरच्या एका महाविद्यालयात फोटोंची स्पर्धा होती, तिथं पाठवली. फोटोखाली ओळ हवी होती. मी लिहिलं: 'मरणाला हसणारी बाई'. पहिला क्रमांक आला. फोटो मोठा करून सभागृहाच्या दारातच लावला होता. पप्पा आत्याला मुदखेडहून घेऊन आले. ती नव्या साडीत होती. येणारे-जाणारे आधी फोटोकडे बघायचे, मग तिच्याकडे, आणि दचकायचे.

"मी मेले का काय म्हणून बघून राहिलेत गं समदे," ती म्हणाली. आम्ही सगळे खळखळून हसलो. मग ती माझ्या जवळ आली आणि हळू विचारलं, "किती दिवस ठेवणार इथं?"

"आठ दिवस."

"आठ दिवस," ती म्हणाली. एवढंच.

पाच-सहा दिवसांनी मी तो फोटो माझ्या स्टेटसला लावला. तासाभरात धर्माबादहून ताईचा फोन.

"ते काढ तिथून."

"का? बघ की किती भारी आलीय आत्या."

"काढ म्हणलं ना पत्रके. मला बरं वाटून न्हाई राहिलं."

"ताई, तूसुद्धा?" मी म्हणाले. आणि पुढं जे बोलले ते इथं लिहीत नाही. ज्यांनी कुठलंही पत्रक वाचलं आहे त्यांना ते माहीत आहे. फोन ठेवल्यावर मी आणखी एक गोष्ट केली. पप्पांचं जुनं शकुन-अपशकुनाचं पत्रक होतं, 'मांजर आडवं गेल्यानं काम बिघडलं असेल तर मांजराची बाजूही ऐकून घ्या' असं सुरू होणारं. त्याचा फोटो काढून तिला पाठवला. तिनं वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मी ते माझं जिंकणं समजले.

साडेचार महिन्यांनी आत्या पहाटे काकडा तोडताना पडली. शेजारणीनं हाक ऐकली. नांदेडला नेईपर्यंत शुद्ध गेली होती. मेंदूत रक्तस्राव. डॉक्टरांनी विचारलं, बीपीची गोळी चालू होती का. कोणालाच माहीत नव्हतं. नेहमी मृत्यूचं कारण दुसऱ्यांना समजावून सांगणाऱ्या माझ्या घरात माझ्या आत्याचं बीपी कुणी कधी तपासलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता. वंदना होते, माणसं दोन शब्द बोलतात, समोर मेणबत्त्या आणि फोटो असतो. शोधाशोध केली तर आत्याचे फोटो म्हणजे लग्नातल्या घोळक्यातले, अर्धा चेहरा, कुणाच्या तरी खांद्यामागचे. आणि माझा तो. मी पप्पांना म्हणाले, तोच लावू. फ्रेम आणि हार कापून नुसता चेहरा घेते. यापेक्षा चांगला फोटो जगात नाही.

"नको," पप्पा म्हणाले.

"का?"

"ताईनं नको म्हणून सांगितलंय."

"पण कारण काय? तुम्हीच लिहिलंय ना पप्पा? मांजराचं पत्रक तुमचंच ना?"

ते छापखान्याच्या स्टुलावर बसले होते. मशीन बंद होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पत्रक लोकांसाठी असतंय," ते म्हणाले. "ही माझी बहीण हाय."

मला इतका राग आला की मी त्या दिवशी जेवले नाही. आयुष्यभराचे नियम आणि घरातलं माणूस गेलं की पहिल्याच दिवशी माघार! कार्यक्रमात आधारकार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. करडा चेहरा, अर्धवट मिटलेले डोळे. मागं बसलेली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ही ती वाटंनाच." ताई पुढच्या रांगेत होती. तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. संध्याकाळी मोबाईल उघडला तर तिच्या नावापुढची पाठ गेली होती. तिथं एक मेणबत्ती होती.

महिनाभरानं मी धर्माबादला गेले. जाण्याआधी एक पत्रक लिहिलं. 'छायाचित्र आणि मृत्यू: काही गैरसमज'. छापलं नाही, हातानंच लिहिलं. तीन घड्या घातल्या, नख फिरवलं आणि पिशवीत ठेवलं. गाडीत मुद्दे पाठ केले. मला ताई परत हवी होती, आणि ती परत मिळवण्याचा मला एकच मार्ग माहीत होता. तिची भीती घालवायची.

ताई अंगणात मिरच्यांचे देठ तोडत बसली होती. समोर लाल ढीग. मला ठसका लागला.

"बस," ती म्हणाली. "डोळ्याला हात लावू नको."

मी बसले आणि सुरू केलं. तिनं मध्ये अडवलं नाही. मी बीपीबद्दल बोलले, योगायोगाबद्दल बोलले, हजारो जिवंत लोकांचे फोटो फ्रेममध्ये असतात आणि ते मरत नाहीत हे बोलले. ती देठ तोडत राहिली. मग विचारलं, "झालं?"

"हो."

"मला ठाऊक हाय, फोटोनं कोणी मरत न्हाई. मलाबी मामानंच वाचायला शिकवलंय."



"मग तू…"

"ती भिली होती." ताईनं हातातली मिरची खाली ठेवली. "तू फोटो काढून गेलीस त्या सांजच्याला तिचा फोन आला मला. म्हणली, पोरीनं फ्रेममंदी बसवलं गं, छातीत नुसतं धडधडून राहिलंय. म्हणलं, मग न्हाई म्हणायचं ना. तर म्हणली, कसं म्हणू? ती म्हणली, तू पप्पांची बहीण ना. पोरीला वाटलं असतं, आत्या आडाणीच राहिली."

"तिनं स्वतः हार घातला ताई. ती हसत होती."

"हसंलच की. तू हस म्हणलीस." तिनं दुसरी मिरची उचलली. "लातूरहून आली, तवापासून दर दोन दिसाला इचारायची, काढला का गं तिथून फोटो? म्हणून तुला फोन केला. म्हणलं, निदान स्टेटस तरी काढंल. तू मला कागद पाठवलास."

मिरचीनं माझे डोळे वाहत होते की कशानं, ते तिला कळलं नसावं. मला कळलं होतं.

"तू बरोबरच होतीस," ताई म्हणाली. "तू नेहमी बरोबरच असतीस. पर एकदा इचारायचं होतं, आत्या, भ्या वाटतं का. ती हाव म्हणली असती, तर दोन मिंटं तिच्यापाशी बसायचं. मग काढायचा होता फोटो. तिनं काढू दिला असता. येवढंच."

पिशवीतल्या पत्रकात याचं उत्तर नव्हतं. मी पप्पांची सगळी पत्रकं मनात चाळली. कशातच नव्हतं. भिणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हे आम्ही शेकडो वेळा छापलं होतं. त्याच्या शेजारी किती वेळ बसायचं, हे कधीच छापलं नव्हतं.

"कॅमेरा आणलाय?"

"हो."

"पूस. माझ्यासमोर."

चाचांचा नियम मी तिला सांगितला नाही. कार्डात ते छत्तीस होतेच. मी मागचा पडदा तिच्यासमोर धरला आणि एकेक पुसायला लागले. प्रत्येक फोटो ती बघायची आणि मान हलवायची. सत्ताविसावा आला. न कापलेला, पुरता. ताईनं चेहऱ्याकडे बघितलंच नाही.

"हात बघ," ती म्हणाली.

लगेच. एका क्षणात. मला मीठ दिसायला अकरा दिवस लागले होते. हा हात दिसायला आत्याला जावं लागलं. मी मागचे फोटो पुसून बसले होते, पण आता आठवत होतं, पहिल्या फोटोपासून तो हात तसाच होता. हार चढवायला उठली तेवढीच मूठ सुटली होती. बसली की पुन्हा पदर धरला.

शेवटचा फोटो राहिला. छत्तिसावा, न बघता काढलेला, थोडा वाकडा. फ्रेम भिंतीला पालथी टेकवलेली. आत्या पोत्यावर बसून ओवते आहे, दोऱ्याचं टोक दातांत, दोन्ही हात उघडे, फुलांवर. चेहऱ्यावर हसू नाही, काहीच नाही. नुसतं काम.

"हा ठेवूया ताई. ह्याच्यात फ्रेम न्हाई."

ताई खूप वेळ बघत राहिली. मिरचीचा हात लागू नये म्हणून तिनं हात पाठीमागं धरले होते आणि मान एका बाजूला कलली होती.

"ही खरी हाय," ती म्हणाली. मला वाटलं, झालं, वाचला. मग ती म्हणाली, "हाबी काढ."

"का?"

"त्याच दिवसाचा हाय."

मी बटण दाबलं.

मोबाईलमधलीही प्रत पुसली; लातूरची प्रिंट परत आलीच नव्हती. वहीत एक प्रिंट आहे, लाल गोल असलेली, हे मला सांगावं लागलं. न सांगता निघता आलं असतं. ती म्हणाली, "तीबी." चहा दिला. दारापर्यंत आली. "फोन करू नको," ती म्हणाली. "मला वाटंल तवा मीच करीन." 'पत्रके' म्हणाली नाही.

परतीची गाडी मुदखेडला थांबली तेव्हा हारांची गाठोडी घेऊन बायका चढल्या. डबाभर काकड्याचा वास. जागा नव्हती म्हणून एकीनं ओलं गाठोडं सरळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "धर गं जरा, नांदेडलाच उतरायचंय ना?" मी दोन्ही हातांनी धरून बसले. कॅमेरा खाली पायापाशी होता.

दुसऱ्या दिवशी चाचांना सगळं सांगितलं. नियम मोडल्याचंही.  त्यांनी ब्लेड घेतलं आणि वहीतलं पान शिवणीच्या कडेनं हळूहळू कापून काढलं, शेजारच्या ओळीला, 'हवं होतं तेच आलं'ला, धक्का न लावता. ती माझ्या अक्षरातली ओळ बघायची मला लाज वाटत होती.

"हिला तू फाडू नको," ते म्हणाले. "पाठवून दे. फाडायची का ठेवायची, तिची ती बघंल."

मी पान पुठ्ठ्यात घालून रजिस्टर पोस्टानं धर्माबादला पाठवलं. त्या ओळीखेरीज सोबत काही लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही न समजावता कागद पाठवला.

आठवड्यानं पोच आली. पिवळसर कार्डावर ताईची सही आहे, पप्पांनी शिकवलेल्या गोल अक्षरात. ते कार्ड मी वहीत, कापलेल्या पानाच्या जागी ठेवलं आहे. पुढची कामं चालू आहेत, छत्तीसच्या हिशोबानंच. फोन अजून आलेला नाही.